किमोनोतली बाहुली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात एक जपानी बाहुली उभी आहे. लाल किमोनो, कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस, पायात पांढरे मोजे. त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर मुलींनी खेळून खेळून मऊ केलेल्या कापडी बाहुल्या आहेत, त्यांच्याही अंगात किमोनोच. मी जपानी भाषा शिकवते. शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईवडील, आणि भाचीच्या वाढदिवसाला "जपानी बाहुलीच द्यायची आहे, कुठली देऊ?" असं विचारणाऱ्या मावश्या-आत्या, या सगळ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

जपानी बाहुली म्हणजे नक्की कुठली?

जपानीत बाहुलीला 'निंग्यो' म्हणतात. लिहिताना दोन चित्राक्षरं येतात, एक 'माणूस' आणि दुसरं 'आकार'. माणसाचा आकार म्हणजे बाहुली, एवढा तो शब्द मोकळा आहे, त्यामुळे त्यात पुष्कळ काही मावतं. ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या, हातपाय नसलेल्या लाकडी कोकेशी. फुकुओकाकडच्या भाजक्या मातीच्या हाकाता बाहुल्या. मार्चमध्ये पायऱ्यांवर मांडायचे हिना राजाराणी. आणि दुकानात मिळणारी प्लास्टिकची रिका-चान. या सगळ्या निंग्योच.

आपल्या डोळ्यांसमोर मात्र 'जपानी बाहुली' म्हटल्यावर जी येते, काळेभोर कापलेले केस आणि फुलाफुलांचा किमोनो, ती बहुधा इचिमात्सु बाहुली. हे नाव अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या, काबुकी नावाच्या जपानी नाट्यप्रकारातल्या नटावरून पडलं. त्याच्या वेशातला चौकटीचौकटींचा नमुनाही त्याच्याच नावानं ओळखला जातो. टोकियो २०२० ऑलिंपिकच्या बोधचिन्हात निळ्या चौकोनांची जी गुंफण होती, ती त्याच नमुन्यावर बेतलेली होती.

बाहुलीचा किमोनो बरोबर नेसवलाय की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी गळा बघा. किमोनोचा उजवा भाग आधी अंगाशी घ्यायचा आणि डावा त्याच्यावर. समोरून पाहिलं की गळ्याशी इंग्रजी छोट्या वायसारखी आकृती दिसायला हवी. ही पद्धत फार जुनी आहे. ७१९ साली दरबारानं सगळ्या प्रजेसाठी तसा हुकूमच काढला होता. उलट बाजूनं, म्हणजे उजवा भाग वर घेऊन, किमोनो नेसवतात तो फक्त मृत व्यक्तीला. आपल्याकडे जानवं अपसव्य केलं की ते पितरांचं काम, हे जसं घरातल्या लहानग्यालाही कळतं, तसंच हे तिकडे सगळ्यांना कळतं. तरीही बाजारात उलट्या गळ्याच्या बाहुल्या भरपूर दिसतात. मी स्वतः एका दुकानात ओळीनं मांडलेल्या सगळ्या बाहुल्या अशा पाहिल्या आणि मला तिथे उभं राहवेना. नऊवारी नेसलेल्या बाहुलीला मागे काष्टाच नसेल तर आपल्याला जे वाटेल, त्याहून हे कितीतरी जड आहे. तिथे तो वेश गेलेल्या माणसाचा आहे.

मग ओबी बघा. ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा. लहान मुलीची गाठ पाठीमागे असते, पुढे नसते. मग मान बघा. मोठ्या बायका किमोनोची कॉलर मानेमागे जरा खाली ओढून ठेवतात, लहान मुलीची मात्र मानेला लागून असते. बाहुली सात वर्षांच्या मुलीची असेल आणि तिची पाठ अर्धी उघडी असेल, तर शिवणाऱ्याला वय कळलेलं नाही.

बाह्या शेवटी. जमिनीकडे लोंबणाऱ्या लांब बाह्यांच्या किमोनोला फुरिसोदे म्हणतात. तो अविवाहित मुलींचा आणि सणासमारंभाचा. लग्न झालेल्या बाईच्या औपचारिक किमोनोच्या बाह्या आखूड असतात. एवढं कळलं की बाहुलीकडे बघून तुम्ही तिचं वय सांगू शकता आणि आज घरात कार्य आहे की नाही तेही.

खांद्यावर आणि कमरेवर जी चूण दिसते, ती शिवणातली चूक आहे का?

चूक नाही, आणि मला संपूर्ण बाहुलीत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तीच आहे. लहान मुलांचा किमोनो मुद्दाम मोठा शिवतात आणि जास्तीचं कापड खांद्यावर व कमरेला टक घालून दुमडून ठेवतात. खांद्यावरच्या टकाला काताआगे म्हणतात, कमरेवरच्याला कोशिआगे. मूल वाढलं की टाके उसवायचे, कापड सोडायचं. आपल्या आज्या परकराला खाली दोन-तीन टक घालून ठेवायच्या, अगदी तेच.

बाहुली तर वाढणार नसते. तरीही चांगला कारागीर तिच्या खांद्यावर ती चूण घालतो, कारण ती मुलगी आहे आणि मुलीच्या कपड्यात वाढायला जागा ठेवायची असते. आमच्या कपाटातल्या बाहुलीच्या खांद्यावरचा टक तीन मिलिमीटरचा आहे. वर्गातल्या एका मुलीनं भिंगातून तो बघितला आणि विचारलं, "ही अजून मोठी होणार आहे?"

याहून लहान बाळांच्या झबल्यासारख्या किमोनोची गोष्ट तर आणखी वेगळी. कापडाची एक रुंदी बाळाच्या पाठीला पुरते, म्हणून पाठीवर मधली शिवण येत नाही. जुनी समजूत अशी, की पाठीवरची शिवण म्हणजे वाईटावर नजर ठेवणारा डोळा. ती नसली तर बाळाची पाठ उघडी पडते. म्हणून आया तिथे रंगीत दोऱ्याचे टाके घालायच्या, त्यांना सेमामोरी, म्हणजे पाठराखण करणारे टाके म्हणतात. आपण बाळाला काजळाची तीट लावतो ना, तोच जीव या टाक्यांतही आहे.

किमोनो घातलेली प्रत्येक बाहुली गेइशा असते का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खोक्यांवरही तसं बेधडक छापलेलं असतं. गेइशा हा पेशा आहे. गाणं, वादन, नृत्य, आदरातिथ्य यांचं अनेक वर्षांचं शिक्षण त्यामागे असतं, आणि क्योतोत शिकाऊ मुलीला माइको म्हणतात. पांढरा रंगवलेला चेहरा, मागे खाली ओढलेली कॉलर, पाठीवर लोंबता ओबी असं असेल तर ती माइको. बाकीच्या बऱ्याच बाहुल्या म्हणजे साध्या घरातल्या मुली.

बाहुली बघताना मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवते : हिनं आज हे का घातलंय? कारण किमोनो आता रोजचा कपडा राहिलेला नाही. तो कुठल्यातरी दिवसाचा असतो. १५ नोव्हेंबरच्या आसपास शिचि-गो-सान हा दिवस येतो, नावाचा अर्थ 'सात-पाच-तीन'. तीन आणि सात वर्षांच्या मुली, आणि पाच वर्षांचे, काही ठिकाणी तीन वर्षांचेही मुलगे नटूनथटून देवळात जातात. तीन वर्षांची चिमुरडी ओबीऐवजी वरून फुगीर बिनबाह्यांचं जाकीट घालते, कारण एवढ्या लहान पोटाला पट्टा आवळायचा नाही. सातव्या वर्षी मोठ्यांसारखा ओबी बांधतात. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्यांचा दिवस असतो, त्या दिवशी रेल्वे स्टेशनं फुरिसोदे घातलेल्या मुलींनी भरून जातात. आणि उन्हाळ्यात आतषबाजी बघायला जाताना सुती, बिनअस्तराचा युकाता आणि पायात लाकडी गेता.

म्हणून बाहुलीच्या अंगात युकाता आणि पायात पांढरे मोजे व जरीच्या चपला असं काही दिसलं, तर ते खटकतं. पांढरे, अंगठा वेगळा असलेले मोजे म्हणजे ताबी, ते औपचारिक किमोनोबरोबर जातात. युकात्याखाली बहुधा अनवाणी पावलं आणि गेता. मे महिन्यात पैठणीवर स्वेटर घातल्यासारखं होतं ते.

तिच्या केसांत जेवणाच्या काड्या का खोचलेल्या असतात?

त्या जेवणाच्या काड्या नव्हेत. केसांत माळायच्या दागिन्यांना कान्झाशी म्हणतात. त्यातली काही कापडाचे बारीक चौकोनी तुकडे दुमडून केलेली फुलं असतात, काही कासवाच्या पाठीची किंवा लाकडाची, काही लोंबत्या झुब्यांची. जेवणाच्या काड्या केसांत खोचणं म्हणजे आपल्याकडे अंबाड्यात चमचा खोचण्यासारखं. अशी बाहुली आणली असेल तर काड्या काढून टाका आणि रेशमी चिंधीचं एक फूल चिकटवा.

चेहरा इतका पांढरा का? जपानी लोकांचे डोळे असेच असतात का?

चेहऱ्याचा पांढरेपणा शिंपल्यांचा आहे. शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड प्राण्यांच्या सरसात कालवून गोफुन नावाचा लेप करतात आणि त्याचे एकावर एक हात देतात. प्रत्येक हात वाळवायचा, घासायचा, मग पुढचा. ओठांची आणि पापण्यांची कड शेवटी बारीक पात्यानं कोरून काढतात. आतला साचा पाउलोनियाच्या हलक्या लाकडाचा भुसा आणि खळ मळून केलेला असतो. या पांढऱ्या रंगात माणसाच्या कातडीची नक्कल नाही. तो पदार्थाचा स्वतःचा तजेला आहे, संगमरवरी विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तीचा असतो तसा.

डोळ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. दोन तिरक्या रेघा ओढल्या की झाला जपानी चेहरा, अशी एक खोड जगभरच्या खेळण्यांत होती आणि अजून पूर्ण गेलेली नाही. मुलं हीच रेघ वर्गात एखाद्याला चिडवायला वापरतात. ईशान्य भारतातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना ती रोज सोसावी लागते. जपानी कारागिराच्या हातच्या बाहुल्यांचे डोळे बघा : इचिमात्सुचे काचेचे, टपोरे, ओलसर, हिना राणीचे अर्धवट मिटलेले, कोकेशीचे दोन बारीक फटकारे, पण तेही प्रत्येक गावाचे वेगळे. एका देशाला एक चेहरा नसतो. निवड करताना मी आधी हेच बघते, की बनवणाऱ्यानं तिला माणूस म्हणून बघितलंय की नुसती खूण म्हणून.

हिना मात्सुरी म्हणजे काय? चैत्रगौरीसारखं असतं का?

दिसायला चैत्रगौरीच्या आरासीशी साम्य आहे, आणि मराठी घरातल्या मुलीला समजावून सांगायला तीच सोपी वाट. तीन मार्चला, मुलींच्या सुखासाठी, लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. पूर्ण संचात सात पायऱ्या आणि पंधरा बाहुल्या : सगळ्यात वर राजाराणी, मग तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री, तीन सेवक. खालच्या पायऱ्यांवर एवढीशी कपाटं, पेट्या, पालखी, बैलगाडी. भातुकलीत रमलेल्या कुणालाही तिथून हलावंसं वाटणार नाही. आपल्याकडे आंब्याची डाळ आणि पन्हं, तर तिकडे गुलाबी-पांढऱ्या-हिरव्या थरांचे शंकरपाळ्याच्या आकाराचे मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे-वड्या, आणि पीचची फुलं.

साम्य मात्र इथे थांबतं. चैत्रगौर ही माहेरी आलेली देवी आहे. हिना बाहुल्यांची पूजा होत नाही. त्यांचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे : कागदाची बाहुली अंगावरून फिरवायची, आपली इडापिडा तिच्यावर टाकायची आणि तिला नदीत सोडून द्यायची. वाकायामातल्या आवाशिमा देवळातून आजही तीन मार्चला बाहुल्यांनी भरलेल्या होड्या समुद्रात सोडतात.

राणीचा पोशाख नीट बघा. हेइआन काळातल्या, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, दरबारी स्त्रियांचा तो वेश, जुनिहितोए. शब्दशः बारा पदर. बाहीच्या टोकाशी प्रत्येक थराची कड एका रेघेएवढीच डोकावते, आणि कुठल्या ऋतूत कुठला रंग कुठल्या रंगाखाली घालायचा हे ठरलेलं असे. बाहुलीच्या बोटाएवढ्या बाहीतही त्या थरांच्या कडा एकाखाली एक दिसतात. राजा डावीकडे की उजवीकडे? समोरून बघताना क्योतोच्या पद्धतीत तो उजवीकडे, टोकियोकडे डावीकडे. दोन्ही बरोबर.

देशाची प्रतिनिधी म्हणून बाहुल्या खरंच पाठवल्या गेल्या होत्या का?

हो, १९२७ साली. ही हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण बाहुलीच्या अंगावर देशाचं ओझं टाकलं की काय होतं ते तिच्यात सगळं आहे.

१९२४ साली अमेरिकेनं कायदा करून जपानी लोकांना देशात येऊन वसायला बंदी केली. आपल्याकडच्या लोकांवर ते दार १९१७ सालीच बंद झालेलं होतं. जपानमध्ये अनेक वर्षं राहिलेले मिशनरी सिडनी ग्युलिक यांना हे फार लागलं. मोठ्यांची मनं वळत नाहीत तर मुलांपासून सुरुवात करू, म्हणून त्यांनी अमेरिकी मुलांकडून बाहुल्या गोळा केल्या. १२,७३९ बाहुल्या, प्रत्येकीकडे स्वतःचं पारपत्र, १९२७ च्या हिना मात्सुरीसाठी जपानला गेल्या आणि शाळाशाळांत वाटल्या गेल्या. जपानच्या बाजूनं उद्योगपती शिबुसावा एइइचि यांनी पुढाकार घेतला.

उत्तरादाखल जपाननं ५८ बाहुल्या पाठवल्या. शाळकरी मुलींनी एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, वर्गणी काढली. सुमारे ८१ सेंटीमीटर उंचीच्या या इचिमात्सु बाहुल्या होत्या, अंगात रेशमी फुरिसोदे, बरोबर पेट्या, कपाटं, चहाचा सरंजाम, कंदील. ४७ प्रांतांच्या ४७, सहा मोठ्या शहरांच्या सहा, एक सम्राटाच्या घराण्यातर्फे, आणि उरलेल्या चार त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या प्रदेशांच्या नावानं, त्यांत कोरिया आणि तैवानही. ज्या मुलींचा देश दुसऱ्यानं घेतलेला होता, त्यांच्या नावाच्या बाहुलीच्या अंगातही किमोनोच. प्रतिनिधित्व हा शब्द वापरताना मला या चार बाहुल्या नेहमी आठवतात.

ज्यांच्या हातून त्या घडल्या त्या कारागिरांत तरुण हिराता गोयो होते. पुढे १९५५ साली जपाननं त्यांना बाहुलीकलेसाठी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. त्याच वर्षी होरि र्‍युजो या स्त्री कलाकारालाही तो मिळाला.

अमेरिकेत या बाहुल्या गावोगाव फिरल्या. फिरता फिरता काहींचे किमोनो, पाट्या, सामान यांची अदलाबदल झाली. चेहऱ्यावर प्रांताचं नाव कुठे लिहिलेलं असतं? कपडा बदलला की नावच बदललं. आज संग्रहालयांतले अभ्यासक किमोनोवरचं कुलचिन्ह आणि जुने फोटो ताडून कुठली बाहुली खरी कुठल्या प्रांताची ते शोधत असतात.

आणि तिकडे, युद्ध पेटल्यावर, १९४३ साली निळ्या डोळ्यांच्या अमेरिकी बाहुल्या शत्रू ठरल्या. जाळल्या, फोडल्या. काही शिक्षकांनी मात्र जिवावर उदार होऊन त्या माळ्यावर, कपाटांत दडवल्या. १२,७३९ पैकी आज जेमतेम तीनशेच्या आसपास उरल्या आहेत.

बार्बी आणि रिका-चान यांचं काय?

बार्बी अमेरिकेची, १९५९ ची, पण पहिल्या बार्बी जपानमध्ये बनल्या आणि तिचे इवले इवले कपडे जपानी बायकांनी घरी बसून शिवले. चेन, बटणं, अस्तर सगळं खरं. त्या शिवणाऱ्या हातांची नावं कुठल्याच खोक्यावर नाहीत.

रिका-चान १९६७ साली ताकारा कंपनीनं आणली. २१ सेंटीमीटर उंच, वय अकरा, आई जपानी, वडील फ्रेंच. तिच्या कपड्यांत शाळेचा गणवेश आहे, युकाताही आहे. जपानी मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या हिच्याशी खेळ मांडलाय, म्हणून 'खरी जपानी बाहुली हवी' म्हणणाऱ्यांना मी हिचंही नाव सांगते. किमोनो सणाला घालून नंतर घडी करून ठेवणारी मुलगी आजच्या जपानी मुलीच्या जास्त जवळची आहे.

जपानचा पारंपरिक वेश म्हणजे फक्त किमोनोच का?

नाही. उत्तरेकडच्या होक्काइदोतले आइनु लोक एल्म झाडाच्या सालीच्या धाग्यांचं कापड विणत, त्याला आत्तुश म्हणतात, आणि त्यावर वळणावळणांचे नमुने भरत. २०१९ च्या कायद्यानं जपाननं त्यांना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली. दक्षिणेकडे ओकिनावात बिंगाता नावाचं झगझगीत रंगांचं छापकाम आहे. ओकिनावा हे एके काळी स्वतंत्र राज्य होतं आणि तिथला दरबारी पोशाखही वेगळा. खोक्यावर 'जपान' लिहिलेली बाहुली यातलं काही दाखवत नाही, हे मुलाला सांगायला हवं. महाराष्ट्राची बाहुली म्हणून फक्त पेशवाई नथ-शालू दाखवला तर वारली पाड्यावरची मुलगी कुठे जाते, तोच हा प्रश्न.

माझ्या मुलीनं फॅन्सी ड्रेसला किमोनो घातला तर जपानी लोकांना राग येईल का?

माझा अनुभव असा, की नीट नेसवलेला असेल तर आनंदच होतो. तिकडे राहत असताना शेजारच्या आजींनी माझ्या मुलीला स्वतःच्या नातीचा युकाता नेसवला, ओबीची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली आणि मग समाधानानं दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या.

पण सगळीकडे एकच उत्तर नाही. २०१५ साली बॉस्टनच्या कला संग्रहालयात चित्रासमोर किमोनो घालून फोटो काढायचा उपक्रम होता. आशियाई अमेरिकनांनी त्याला विरोध केला, तर काही जपानी स्त्रिया किमोनो घालून उपक्रमाच्या बाजूनं आल्या. ज्यांना लहानपणापासून रूपावरून चिडवलं गेलं त्यांना तो कपडा गंमतीला वापरलेला सोसत नाही, ज्यांच्या घरात तो कपाटात घडी करून ठेवलेला असतो त्यांना तो दाखवावासा वाटतो. दोघांचं बरोबर आहे. आपण काय पाळायचं? गळा बरोबर घ्यायचा, डोळे ताणायचे नाहीत, तोंडाला पांढरं फासायचं नाही, आणि खोटी 'चिंग-चाँग' भाषा बोलायची नाही. शेवटच्या गोष्टीवर मी शाळेच्या कार्यक्रमात उठून उभी राहिलेली आहे.

बाहुलीचा किमोनो घरी शिवता येईल का?

येईल, आणि शिवाच. किमोनोत गोल कापणी नसते. मूळ कापडच जेमतेम ३६-३८ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर लांब विणलेलं असतं, त्याचे सरळ पट्टे कापायचे आणि सरळ शिवणीनं जोडायचे. दोन पट्टे अंगाचे, पुढून खांद्यावरून थेट मागे जाणारे, दोन बाह्यांचे, दोन अरुंद पट्टे पुढच्या उघड्या कडेला, आणि कॉलर. काही वाया जात नाही. पूर्वी किमोनो धुवायचा तर पूर्ण उसवायचे, पट्टे पुन्हा एकमेकांना जोडून लांब कापड करायचे, धुऊन ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे.

बाहुलीसाठी जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा उत्तम. नक्षी बारीक हवी, बाहुलीच्या तळहाताएवढं फूल असलं की ती पडदा गुंडाळल्यासारखी दिसते. बाहीची अंगाकडची कड काखेखाली उघडी ठेवा, मुलींच्या किमोनोत ती तशीच असते. ओबीला मी खणाचं कापड वापरते. ते ताठ असतं, गाठ छान धरतं. तो जपानी ओबी नाही हे मुलींना माहीत असतं, आणि आपल्या गुळेदगुड्डच्या खणाची त्यांना ओळख होते.

नमुना हवा असेल तर आसानोहा काढायला शिकवा, हेंपच्या, म्हणजे दोऱ्यासाठी लावतात त्या भांगेच्या जातीच्या झाडाच्या, पानांची चांदणी. हे झाड भराभर सरळ वाढतं, म्हणून तो नमुना तिकडे तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर घालतात.

सांभाळायची कशी? आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते.

गोफुनच्या चेहऱ्याला पाणी लावायचं नाही. पहिल्याच वर्षी मी आमच्या बाहुलीच्या गालावरचा बारीक डाग ओल्या फडक्यानं पुसला. सरस विरघळला, गालाची झिलई गेली आणि तिथे खरखरीत ठिपका राहिला. तो आजही दिसतो. धूळ फक्त मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची. चेहऱ्याला बोट लावायचं नाही.

पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी, चेहऱ्याभोवती मऊ पांढरा कागद गुंडाळून मलमलीत बांधा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रेशमाला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या किंवा कापूर यांपैकी एकच काहीतरी ठेवा, तेही अंगाला न चिकटवता. दोन्ही एकत्र ठेवले तर वितळून डाग पडतात.

कितव्या वर्षी द्यावी?

तीन वर्षांखालच्या मुलाला कापडी, भरतकामाच्या डोळ्यांची. कान्झाशी, मणी, टाचण्या असलेली नको. खेळण्यावर आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती आपल्याकडे बंधनकारक आहे. इचिमात्सु आणि हिना बाहुल्या शोभेच्या, त्या खेळणं म्हणून देऊ नका. मुलाच्या हातून तुटतात आणि मग घरात रडारड.

मुलग्याला चालेल का?

का नाही चालणार! पाच मेच्या सणाला शिरस्त्राणं आणि योद्ध्यांच्या बाहुल्या मुलग्यांसाठीच मांडतात. हाकामा, म्हणजे किमोनोवर नेसायचं घेरदार चुण्यांचं वस्त्र, घातलेला पाच वर्षांचा बाहुला माझ्या भाच्याच्या उशाशी असतो.

केस वाढणाऱ्या बाहुलीची गोष्ट खरी आहे का? मुलगी रात्री घाबरते.

होक्काइदोतल्या एका देवळात ओकिकु नावाची बाहुली आहे, तिचे केस वाढतात अशी कथा आहे. कथा म्हणून ऐकावी. मूल घाबरत असेल तर मात्र त्याला "त्यात काय घाबरायचं" म्हणू नका. बाहुली दिवसा हातात द्या, तिचे केस कसे चिकटवलेत ते दाखवा, तिला नाव ठेवायला सांगा. आमच्याकडे हा उपाय लागू पडला.

भारतात चांगल्या जपानी बाहुल्या कुठे बघायला मिळतील?

दिल्लीत, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात. तिथे जपानच्या मुलींच्या आणि मुलग्यांच्या सणातल्या बाहुल्या आहेत, काबुकीच्याही. जपानला जाणं झालं तर टोकियोजवळ सायतामा शहरातलं इवात्सुकी हे बाहुल्या घडवणाऱ्यांचं जुनं गाव, तिथे २०२० साली बाहुल्यांचं खास संग्रहालय उघडलं आहे.

तुटलेली, जुनी झालेली बाहुली कचऱ्यात टाकवत नाही. काय करावं?

जपानी लोकांनाही टाकवत नाही, म्हणून तिकडे निंग्यो कुयो असतं : बाहुल्यांना देवळात नेऊन, त्यांच्यासाठी प्रार्थना करून, त्यांचे आभार मानून निरोप द्यायचा. क्योतोतल्या होक्योजी या देवळाला लोक बाहुल्यांचं देऊळच म्हणतात, तिथे १४ ऑक्टोबरला हा विधी होतो. टोकियोच्या मेइजी देवस्थानातही ऑक्टोबरमध्ये हजारो बाहुल्या ओळीनं मांडलेल्या असतात, आणि आणणारी माणसं निघताना वळून वळून बघतात.

आमच्या घरातली एक कापडी बाहुली मागच्या वर्षी पार विरली. मुलींनी तिचा किमोनो उसवला, पट्टे धुऊन खिडकीत वाळत घातले, आणि त्यातले दोन नव्या बाहुलीच्या बाह्यांना लावले. खांद्यावर टक घालायला त्या विसरल्या नाहीत.